निकोप दात का गळतात? : हिरड्यांच्या विकाराचा इतिहास

माझ्या वडिलांचे सर्व दात वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत पडून गेले होते. त्यांपैकी एकही किडलेला नव्हता. शेवटचे चार-पाच दात तर त्यांनी ओसरीवर बसून, बोटाने हलवत हलवत स्वतःच काढले. असाच एक दात तळहातावर ठेवून ते आईला म्हणाले होते, "बघ, कसा मोत्यासारखा आहे. तरी गेला." आईने तो पाहिला आणि "वय झालं आता," एवढेच म्हणून ती आपल्या कामाला लागली. बावन्न हे काही दात जाण्याचे वय नव्हे, असे घरात कोणाच्याही मनात आले नाही. आजोबांचे तसेच झाले होते, चुलत्यांचे तसेच झाले होते आणि पैनगंगेच्या अलीकडच्या तीरावर ज्या मराठी घरांशी आमचा जाण्यायेण्याचा संबंध होता, त्या घरांतील वडीलधाऱ्यांचेही बहुधा तसेच झाले होते.

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण आपण भाग्याच्या विपरीत न्यायाविषयी वापरतो. परंतु तिचा शब्दशः अर्थ पाहिला, तर उतारवय आणि दंतहीनता यांची सांगड आपल्या समाजाने किती पक्की घालून ठेवली आहे हे ध्यानात येते. ही सांगड खरी आहे काय? किडलेला दात पडावा हे समजू शकते. पण मोत्यासारखा दात का पडावा? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधत निवृत्तीनंतरची काही वर्षे मी जे वाचले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले आणि स्वतःच्या तोंडात जे अनुभवले, ते मंडळाच्या वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. हा एका रोगाचा इतिहास आहे. त्याहीपेक्षा तो पुन्हा पुन्हा सापडलेल्या आणि पुन्हा पुन्हा विसरल्या गेलेल्या एका ज्ञानाचा इतिहास आहे.

प्रथम उत्तराचा गाभा सांगून टाकतो. असा दात पडण्याचे कारण दातात नसून हिरडीत आणि तिच्याखालील हाडात असते. गोठ्यातील खुंटा कितीही भक्कम असला, तरी भोवतालची माती भुसभुशीत झाली की बैल तो सहज उपटतो. दाताचेही तसेच. या विकाराला आपल्याकडे पुष्कळ जण अजूनही 'पायरिया' म्हणतात. 'पूवाचे वाहणे' अशा अर्थाचा हा मूळ ग्रीक शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला आणि बोलण्यात रुळला. रोग मात्र शब्दाबरोबर आलेला नाही. तो इथे फार पूर्वीपासून आहे आणि त्याला आपली स्वतःची नावेही आहेत.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचे एकूण पासष्ट प्रकार सांगितले आहेत. ओठांचे आठ, दंतमूलांचे म्हणजे हिरड्यांचे पंधरा, दातांचे आठ, जिभेचे पाच, टाळूचे नऊ, कंठाचे सतरा आणि सर्व मुखाला व्यापणारे तीन, अशी ती मांडणी आहे. दातांच्या रोगांहून हिरड्यांच्या रोगांची संख्या जवळजवळ दुप्पट, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. त्यांपैकी 'शीताद' या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते, त्या काळवंडतात, मऊ व ओलसर होतात आणि त्यांना दुर्गंध येतो. 'दंतवेष्ट' या रोगात हिरड्यांतून पू व रक्त वाहते आणि दात हलू लागतात. आजचा दंतवैद्य हिरडीच्या दाहापासून अस्थिक्षयापर्यंत रोगाच्या ज्या दोन पायऱ्या सांगतो, त्यांच्याशी ही दोन वर्णने सहज जुळतात.

त्याच संहितेत दातांच्या आठ रोगांमध्ये 'दंतशर्करा' नावाचा एक रोग आहे. शर्करा म्हणजे येथे साखर नव्हे, तर खडीसारखा कठीण थर. दातावर मळ साचून तो खडा बनला की त्याला हे नाव. चिकित्सास्थानात यावर जो उपाय सांगितला आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: दंतमूलांना इजा न करता वैद्याने ही शर्करा काढून टाकावी आणि नंतर मध मिसळलेल्या लाखेच्या चूर्णाने घर्षण करावे. मध आणि लाख बाजूला ठेवली, तर आजच्या दवाखान्यात ज्याला आपण 'दात साफ करणे' म्हणतो, ते याहून फारसे निराळे नाही. मात्र एक दुवा तेथे जुळलेला दिसत नाही. शर्करा दातांच्या रोगांत गणली गेली आणि रक्तस्राव हिरड्यांच्या रोगांत. पहिली गोष्ट दुसरीचे कारण असू शकते, हे प्रयोगाने सिद्ध व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

दात रोज स्वच्छ करण्याचा आग्रहही जुनाच आहे. चरक, सुश्रुत आणि वाग्भट या तिघांनीही दंतधावन दिनचर्येत घातले आहे. वड, खैर, रुई, करंज, अर्जुन अशा झाडांच्या काड्या त्यासाठी सांगितल्या आहेत. कडू रसाच्या झाडांत सुश्रुताने निंबाला अग्रमान दिला आहे. काडीचे टोक चावून मऊ कुंचला करावा आणि हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, हा त्यातील सावधगिरीचा इशारा. कडुलिंब, करंज आणि बाभूळ आपल्या शिवारात कोठेही मिळतात. माझ्या लहानपणी बांधावर उभे राहून बाभळीची काडी चावणारी माणसे हे पहाटेचे नेहमीचे दृश्य होते. ही काडी चांगलीच होती. पण ती पुढचे दात घासायची. दाढांच्या मागे, दोन दातांच्या फटीत आणि हिरडीच्या कडेला ती क्वचितच पोहोचायची. शिवाय काडीने मऊ मळ निघतो, एकदा खडा झालेला थर निघत नाही. तो काढणारा हात आमच्या गावात कोणाचाच नव्हता.

असा हात निराळ्या परंपरेतही तयार झाला होता. इसवी सन १०००च्या सुमारास स्पेनमधील कोर्दोबा येथे अल-झहरावी नावाचा थोर शल्यविशारद होऊन गेला. 'अल-तसरीफ' या आपल्या ग्रंथात त्याने दातांवरील खडा खरवडण्याच्या निरनिराळ्या आकारांच्या हत्यारांची चित्रे दिली आहेत. आतल्या बाजूसाठी वेगळे, बाहेरच्या बाजूसाठी वेगळे, दोन दातांमधल्या जागेसाठी वेगळे. एका बैठकीत काम झाले नाही, तर पुन्हा बोलवावे, पण थर शिल्लक ठेवू नये, असा त्याचा दंडक होता. अरबी ग्रंथांतील वैद्यक पुढे युनानी म्हणून दख्खनेत आले आणि निजामाच्या राज्यात त्याला राजाश्रय मिळाला. हकिमांकडील दंतमंजनाला 'सनून' म्हणतात. आपला जिल्हा त्या राज्याचा भाग होता. सिरपूर-तांडूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुलखातून १९०५ साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे आयुर्वेद आणि युनानी अशा दोन्ही परंपरांच्या छायेत आपले पूर्वज राहत होते. पण दोन्हींतील खडा काढण्याची विद्या पोथीतच राहिली. मंजन गावात पोहोचले, हत्यार पोहोचले नाही.

गावात पोहोचले ते फिरस्ते वैदू. तुंबडी लावणारे, पाल्या-मुळ्या विकणारे हे लोक मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या फिरले, पण घरात तेलुगू वळणाची बोली बोलत राहिले. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते परके कधीच वाटले नाहीत. त्यांच्या वनस्पतींच्या ज्ञानाबद्दल आदर बाळगूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. खेड्यापाड्यांत दातदुखीवर भुईरिंगणीच्या बियांची धुरी देण्याचा जो उपचार सर्रास चाले, त्यात धुरीनंतर पांढरे बारीक 'किडे' पडलेले दाखवीत. ते किडे नसून उष्णतेने फुटलेल्या बियांतील अंकुर असत. अन्य जातीच्या बिया वापरून हाच प्रकार युरोपातही शतकानुशतके चालला होता. धुरीने ठणका काही वेळ थांबे, आणि 'किडा गेला' या समाधानात खरा रोग तसाच राही.

याहून मोठी दिशाभूल तंबाखूने केली. माझ्या आजीची मिसरीची पितळी डबी मला आजही स्पष्ट आठवते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, वाटून तिची पूड करायची आणि सकाळी बोटाने ती दातांना व हिरड्यांना लावून तासभर बसायचे, हा तिचा नित्यक्रम होता. कोणी तिला मिसरी म्हणे, कोणी मशेरी. "मिसरीने हिरड्या घट्ट होतात," असे आजी म्हणायची आणि ही चाल 'पूर्वापार' आहे, अशी तिची श्रद्धा होती. इतिहास मात्र निराळे सांगतो. तंबाखू ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती. पोर्तुगीजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि दख्खनेत पसरली. अकबराचा दूत असद बेग विजापूरला गेला असताना त्याला ती तेथे मिळाली आणि १६०४-०५च्या सुमारास त्याने ती बादशहापुढे नवलाई म्हणून ठेवली. जहांगीराने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली, पण ती टिकली नाही. सुश्रुताला आणि वाग्भटाला तंबाखूचे नावही ठाऊक असणे शक्य नव्हते. ज्या वस्तूला आपण आजीबाईच्या बटव्यातील सनातन औषध समजत होतो, ती जेमतेम चारशे वर्षांची पाहुणी आहे.

आजीचे म्हणणे एका अर्थी खोटे नव्हते. तंबाखूतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, हे दंतवैद्यकाला चांगले ठाऊक आहे. त्यामुळे रोग आत वाढत असताना बाहेरची खूण पुसली जाते. आजीला ज्या 'घट्ट' वाटत, त्या हिरड्या वस्तुतः मुक्या झाल्या होत्या. पुढे त्या दातांपासून मागे सरकल्या आणि मुळे उघडी पडली. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आणखी वेगळा. केंद्र शासनाने १९९२ साली दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास मनाई केली व सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती मनाई उचलून धरली. पण घरच्या तव्याला कोणता कायदा लागू होणार?

आता थोडे बाहेरच्या जगाकडे वळू. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी अँटनी लेवेनहुक याला भिंगे घासण्याचा छंद होता. दात नित्य स्वच्छ ठेवूनही त्यांच्या फटीत पिठासारखा पांढरा मळ साचतो, हे त्याच्या लक्षात आले. तो मळ त्याने भिंगाखाली धरला. १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात त्याने त्या मळातील हालचाल करणाऱ्या सूक्ष्म जिवांचे वर्णन केले आणि त्यांची चित्रे पाठवली. दातात जीव असतात ही लोकसमजूत अशा रीतीने एका अनपेक्षित अर्थाने खरी ठरली. फक्त ते धुरीने पडणारे नव्हते आणि डोळ्यांना दिसणारेही नव्हते. परंतु त्यांचा रोगाशी संबंध जोडायला आणखी दोन शतके जावी लागली.

फ्रान्सच्या पिएर फोशार याने १७२८ साली दंतशस्त्रक्रियेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात हिरड्यांच्या या विकाराचे वर्णन आहे आणि खडा खरवडण्याचा उपायही आहे. पुढे अमेरिकेतील हार्टफर्डच्या जॉन रिग्ज याने तोच मुद्दा इतक्या निष्ठेने लावून धरला की तिकडे हा रोग काही काळ 'रिग्जचा रोग' म्हणूनच ओळखला जाई. हा तोच रिग्ज, ज्याने डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड वायूच्या अमलाखाली आपला सहकारी होरेस वेल्स याची दाढ काढली आणि वेदनारहित शस्त्रक्रियेच्या इतिहासात स्थान मिळवले. हिरड्या कापून टाकण्यापेक्षा दातावरचा थर मुळापर्यंत नीट काढा, असे रिग्जचे सांगणे होते. म्हणजे सुश्रुत, अल-झहरावी, फोशार आणि रिग्ज हे परस्परांपासून शतके आणि समुद्र यांच्या अंतरावर असलेले चार लोक एकाच कृतीवर येऊन पोहोचले होते.

आणि तरीही ती विसरली गेली. १९०० साली लंडनचे डॉक्टर विल्यम हंटर यांनी तोंडातील पूवामुळे सर्व शरीर विषारी होते, असा सिद्धांत मांडला. १९१० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात दिलेल्या त्यांच्या व्याख्यानाने तो अधिकच गाजला. संधिवात, पांडुरोग, मनोविकार, कशाचेही कारण दातांत शोधले जाऊ लागले. परिणाम असा झाला की दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांत अनेकांचे बरे-वाईट सर्वच दात सरसकट उपटले गेले. कल्पनेत सत्याचा काही अंश होता, पण उपाय खड्यावर न करता दातावर झाला. ओसरीवर बसून दात उपटणारे माझे वडील आणि विलायतेतील ते डॉक्टर यांच्यात, या एका बाबतीत, फारसा फरक राहिला नाही.

भारतात आधुनिक दंतवैद्यकाचे शिक्षण सुरू झाले ते कलकत्त्यास. अमेरिकेतील आयोवा येथे शिकून आलेल्या डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली तेथे देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली दंतवैद्यक अधिनियम झाला आणि या व्यवसायाला देशभर एक शिस्त आली. हैदराबादचे शासकीय दंत महाविद्यालय १९५९ चे. १९५६ साली भाषावार पुनर्रचनेत राजुरा आणि किनवट तालुके मराठी मुलखाकडे गेले आणि आपण आंध्र प्रदेशात राहिलो, त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ साली सुरू झाले. आपल्या गावांपासून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर आणि नागपूर सुमारे दोनशे. ठणकणाऱ्या दाढेसाठी माणूस इतके अंतर कदाचित जाईल. न दुखणाऱ्या हिरडीसाठी कोण जाणार? आणि या रोगाचे खरे कपट हेच आहे की तो दुखत नाही.

या पार्श्वभूमीवर दोन संशोधनांची माहिती वाचकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. पहिले डेन्मार्कमधील ऑर्हूस येथील. हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. नंतर त्यांनी दात पुन्हा घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या छोट्या प्रयोगाने सुश्रुताच्या दोन गणांमधला निसटलेला दुवा जोडला. मळ हे कारण, रक्त हा परिणाम. मळ काढला की पहिल्या पायरीवरचा रोग संपूर्ण परततो.

दुसरे संशोधन आपल्या शेजारच्या श्रीलंकेतील. तेथील चहाच्या मळ्यांत काम करणाऱ्या ४८० पुरुषांची ल्यो यांच्या गटाने १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षे पाहणी केली. हे मजूर दात घासत नसत आणि त्यांना दंतवैद्याची सोयही नव्हती. सर्वांच्या दातांवर भरपूर मळ व खडा होता आणि सर्वांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. पण सर्वांचा शेवट सारखा झाला नाही. सुमारे ८ टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे सर्व दात गेले. ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने वाढला. उरलेल्या ११ टक्क्यांत तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. विशेष म्हणजे या लोकांत दातांची कीड जवळपास नव्हतीच. मोत्यासारखे दात आणि पंचेचाळिशीत बोळके! हे वाचताना मला ओसरीवर बसलेले वडील दिसले. ते वयामुळे दंतहीन झाले नव्हते. ते त्या आठ टक्क्यांतील असावेत, किंवा त्यांच्या फार जवळचे.

याचा अर्थ असा की मळ हे आवश्यक कारण आहे, पण पुरेसे नाही. त्या मळातील जंतूंना प्रत्येकाचे शरीर जो प्रतिसाद देते, त्यावर पुढचे अवलंबून असते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी अवस्थेत तिची खोली एक ते तीन मिलिमीटर असते. मळ साचला, त्याचा खडा झाला, की सूज येते. सूज टिकली तर दाताला हाडाशी बांधणारे तंतू तुटू लागतात, खाचेचा खिसा होतो आणि तो खोल होत जातो. तेथे ब्रश पोहोचत नाही, प्राणवायूही पोहोचत नाही; अशा जागी वाढणारे जंतू बळावतात. त्यांच्याशी झुंजताना आपल्याच शरीराची संरक्षक यंत्रणा भोवतालचे हाड झिजवून टाकते. गेलेले हाड आपोआप भरून येत नाही. काही ठिकाणी विशेष शस्त्रक्रियेने त्याचा थोडा भाग परत मिळवता येतो, एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना हा विकार तीव्र स्वरूपात आहे. म्हणजे वय हा गुन्हेगार नव्हेच. वय म्हणजे केवळ न काढलेल्या मळाची लांबलेली थकबाकी. महसूल खात्यात आयुष्य गेल्याने ही उपमा सुचली.

शरीराच्या प्रतिसादाला बिघडवणाऱ्या दोन मोठ्या गोष्टी म्हणजे तंबाखू आणि मधुमेह. मधुमेहात हिरड्यांचा विकार अधिक होतो व वेगाने वाढतो. उलट, हिरड्यांतील दीर्घकालीन सुजेमुळे इन्शुलिनचे काम अडते आणि साखर आवाक्यात राहत नाही. नाते दुहेरी आहे. मधुमेही व्यक्तीच्या हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा काही महिने साधारण ०.३ ते ०.४ ने खाली येतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. हृदयविकाराशीही या रोगाचा संबंध आढळतो. परंतु एक दुसऱ्याचे कारण आहे असे अद्याप सिद्ध झालेले नाही. डॉ. हंटर यांची चूक आपण पुन्हा करू नये.

वडिलांना मधुमेह आहे हे आम्हाला कळले ते त्यांच्या एकसष्टाव्या वर्षी, पायाची जखम भरेना तेव्हा. चौसष्टाव्या वर्षी ते गेले. त्यांच्या हिरड्या त्याआधी पंधरा वर्षे रक्त दाखवत होत्या. त्यांना तेव्हाच मधुमेह होता असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण कोणीतरी तपासायला हवे होते, एवढे निश्चित म्हणू शकतो. गावोगावच्या दौऱ्यांत मी शेकडो सातबाऱ्यांसारखे पहाणी-उतारे बारकाईने तपासले, शेऱ्यांतील काना-मात्रेची चूक पकडली. पण घरातला हा उघडा उतारा मला वाचता आला नाही.

मला स्वतःला छप्पन्नाव्या वर्षी ब्रशवर रक्त दिसू लागले. मी काय केले? घासणे कमी केले. शहाणीसुरती माणसे हेच करतात, आणि हेच चूक आहे. रक्त येते ते घासल्यामुळे नव्हे, तर न निघालेल्या मळामुळे. खालचे दोन दात हलू लागले तेव्हा दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी बारीक सळईने प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजली, आकडे लिहून घेतले आणि औषध लिहिण्याऐवजी विचारले, "साखर कधी तपासली होती?" तपासली नव्हती. तपासली, तर वाढलेली निघाली. वडिलांचा आजार माझ्यात पाच वर्षे आधी सापडला, तो हिरडीमुळे.

त्यानंतर चार बैठकांत खडा काढला गेला. 'दात साफ केले की ते ढिले होतात' हा आपल्याकडील दुसरा मोठा गैरसमज. खड्याने फटी भरलेल्या असतात आणि सुजलेली हिरडी दाताला लपेटून बसलेली असते. खडा निघाला आणि सूज उतरली की फटी उघड्या पडतात, काही दिवस गार पाणी झोंबते. दात ढिला झालेला असतो तो रोगाने. सफाईने फक्त पडदा बाजूला होतो. माझा एक दात वाचला नाही. बाकीचे आज दहा वर्षांनंतरही जागेवर आहेत. दर चार-सहा महिन्यांनी खोली मोजून घेतो, रोज दोन वेळा मऊ ब्रशने हिरडीच्या कडेपर्यंत घासतो आणि दोन दातांमधली जागा छोट्या ब्रशने साफ करतो. मिठाच्या पाण्याची गुळणी किंवा त्रिफळ्याचा काढा वर्ज्य नाही. मात्र गुळणीने खडा विरघळत नाही, हे विसरू नये.

आता परिस्थिती वडिलांच्या काळासारखी राहिलेली नाही. आदिलाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००८ साली उभे राहिले. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि शहरांतून खासगी दंतवैद्यही बसू लागले. तीनशे किलोमीटरचे अंतर मिटले. राहिले आहे ते मनातले अंतर. आपल्या घरांत आजही डोळ्यांच्या मोतीबिंदूची चौकशी होते, गुडघ्यांची होते. हिरड्यांची होत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. घरातील चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला पुढील प्रश्न विचारा: दात घासताना रक्त येते का, तोंडाला वास येतो का, दात पूर्वीपेक्षा लांब दिसू लागले आहेत का, एखादा हलतो का, मिसरी किंवा तंबाखू लावता का. मधुमेही व्यक्तीला तर हे विचाराच, आणि ज्याच्या हिरड्या सुजल्या आहेत त्याची साखरही तपासून घ्या. गरोदर सुनेच्या हिरड्यांतून रक्त आले, तर 'असे होतेच' म्हणून सोडून देऊ नका. त्या काळात सूज वाढते हे खरे, पण सफाई तेव्हाही करून घेता येते.

माझी आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. तिने मिसरी पंचवीस वर्षांपूर्वी सोडली, तीही नातवाने हट्ट धरला म्हणून. गेल्या दिवाळीत मी तिला दंतवैद्याकडे नेले तेव्हा तिच्या तोंडात अकरा दात शिल्लक होते. सफाई झाल्यावर आरशात पाहून ती म्हणाली, "तुझ्या बाबांना कोणी सांगितलं असतं तर?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सांगणारे दोन हजार वर्षांपासून सांगत होते. ते आमच्या ओसरीपर्यंत पोहोचले नाही. निदान आपल्या मंडळाच्या घरांपर्यंत तरी पोहोचावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.